शाळेच्या दारी यांत्रिक श्वान

गेल्या महिन्यात आमच्या विश्वस्त मंडळाकडे एक पत्र आले. आमच्या विद्यार्थी साहाय्य निधीस अनेक वर्षे मदत करीत आलेल्या एका सद्गृहस्थांनी, आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ, निधीतून साहाय्य मिळणाऱ्या शाळेस एक यांत्रिक कुत्रा भेट देण्याची इच्छा त्यात व्यक्त केली आहे. हा कुत्रा चार पायांवर चालतो, पायऱ्या चढतो, हात पुढे केला की पंजा देतो आणि आज्ञा होताच कोलांटीही मारतो. त्यायोगे मुलांस विज्ञानाची गोडी लागेल, आसपासच्या शाळांतील विद्यार्थीही तो पाहावयास येतील, असे पत्रात म्हटले आहे. देणगीदारांच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागाच नाही. तरीही मंडळाच्या बैठकीत या एका विषयावर जेवढी चर्चा झाली, तेवढी वर्षभराच्या जमाखर्चावरही झाली नव्हती. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "श्रीदत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान आहेतच, आता हा पाचवा!" हशा पिकला, पण निर्णय झाला नाही. तो पुढील बैठकीवर गेला, आणि तोवर या विषयाची नीट माहिती करून घेऊन ती वाचकांसमोर मांडावी असे ठरले. प्रस्तुत लेख त्यातून सिद्ध झाला आहे.

हा विषय एका शाळेपुरता नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केल्यानुसार, २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता तिसरीपासूनच्या अभ्यासक्रमात कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती यांचा समावेश करावयाचा आहे. त्याआधी, फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात, पाच वर्षांत सरकारी शाळांतून ५०,००० अटल टिंकरिंग प्रयोगशाळा काढण्याची घोषणा झाली होती. २०१६ पासून चालत आलेल्या या योजनेत एका शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्यात आले आहे. एवढा पैसा शाळांच्या वाटेस येणार म्हटल्यावर विक्रेतेही येणारच. आणि त्यांच्यापाशी असलेली सर्वांत देखणी वस्तू म्हणजे मान वळविणारा, शेपूट हलविणारा प्राणी. लहान मूल खेळण्यातल्या मोटारीपेक्षा कुत्र्याकडे आधी धावते, हे सांगावयास मानसशास्त्रज्ञाची गरज नाही.

यांत्रिक प्राणी आपल्या देशात याआधीच अवतरले आहेत. २०२५ च्या आयपीएल स्पर्धेत कॅमेरा बसविलेला एक यांत्रिक कुत्रा मैदानावर बागडताना अनेकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला असेल. चाहत्यांच्या मतांनी त्याचे नाव 'चंपक' ठेवण्यात आले, तेव्हा त्याच नावाच्या बालनियतकालिकाच्या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. ज्या नावाखाली आमच्या मुलांनी सशा-माकडांच्या गोष्टी वाचल्या, त्या नावावरून एका यंत्राशी कज्जा व्हावा, ही काळाची गंमत म्हणावयाची.

मंदिरांशी संबंधित उदाहरण अधिक गंभीर आहे. केरळात त्रिशूर जिल्ह्यातील इरिंजाडप्पिळ्ळी श्रीकृष्ण मंदिरात फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे अकरा फूट उंचीचा आणि आठशे किलो वजनाचा यांत्रिक हत्ती समारंभपूर्वक दाखल झाला. पेटा इंडिया या प्राणिहितवादी संस्थेने तो भेट दिला होता, आणि उत्सवासाठी जिवंत हत्ती आणावयाचा नाही असा संकल्प मंदिराने केला होता. त्यानंतर दक्षिणेतील आणखी काही मंदिरांनी हीच वाट धरली. याच सुमारास दुसरे टोकही दिसले. जुलै २०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणीच्या जैन मठातील 'महादेवी' हत्तीण न्यायालयाच्या आदेशानुसार जामनगरच्या वनतारा केंद्रात नेण्यात आली, तेव्हा त्या टापूतील हजारो लोक रस्त्यावर उतरले. हत्तिणीच्या प्रकृतीचा आणि एकाकीपणाचा प्रश्न खरा होता. तिला लहानपणापासून पाहत आलेल्या गावाची माया हीदेखील खरी होती. त्या मायेच्या जागी लोखंड-रबराचा हत्ती उभा करता येत नाही. तथापि साखळीने बांधलेल्या हत्तीची डोलणारी मान पाहून मुले काय शिकतात, हाही प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे. पायांत साखळी असलेला हत्ती सतत डोलतो तो आनंदाने नव्हे, हे आपल्यापैकी कितीजणांना लहानपणी कोणी सांगितले होते?

त्याच संस्थेची 'एली' नावाची एक यांत्रिक हत्तीण शाळाशाळांतून फिरत असते. ती पापण्या मिटते, कान हलविते, आणि अभिनेत्री दिया मिर्झा यांच्या आवाजात आपली कहाणी सांगते : आईपासून कशी तोडली गेले, सर्कशीत कसे नाचविले गेले, मग सुटका कशी झाली. हा उपक्रम आम्हांस मनापासून आवडला. तरी तेथे शिकविणारा प्राणी नव्हे, तर गोष्ट आहे, हे ध्यानात घ्यावे. विष्णुशर्म्याने राजपुत्रांस सिंह-बैलांच्या मुखाने नीती सांगितली, त्याच जातीचा हा प्रकार होय. पंचतंत्रातील कोल्हा बोलतो म्हणून कोणी त्यास कोल्ह्याचा अभ्यास म्हणत नाही. एलीला पाहून मूल करुणा शिकेल, आणि ते काही थोडे नाही. पण हत्ती कसा जगतो हे पाहावयास त्याला हत्तीच पाहावा लागेल, जमल्यास जंगलात.

प्राण्यापासून शिकणे म्हणजे नेमके काय, याचा विचार आपल्या परंपरेत झालेला आहे. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजास आपले चोवीस गुरू सांगतो, आणि नाथमहाराजांनी त्यावर केलेले निरूपण आपल्या अनेक घरांतून आजही वाचले जाते. त्या गुरूंमध्ये कपोत आहे, अजगर आहे, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा आणि कोळी आहेत. आमच्या मते त्या आख्यानातील सूक्ष्म गोष्ट अशी, की यांपैकी एकानेही अवधूतास काही शिकविले नाही. कोळी आपले जाळे विणीत होता. अवधूत पाहत होता. प्राणी स्वतःसाठी जगत होते, आणि पाहणाऱ्याने आपल्या बुद्धीने त्यातून बोध घेतला. अंगणातले मांजर हाक मारल्यावर येते किंवा येत नाही. न येणाऱ्या मांजरापासूनच मुलास प्रथम कळते, की आपल्याहून वेगळी इच्छा असलेला दुसरा जीव या जगात आहे. यांत्रिक कुत्र्याचे सारे कौशल्य असे, की तो येतोच. न आला तर त्याची बॅटरी उतरलेली असते.

मग यांत्रिक प्राण्याच्या संगतीत शिकण्यासारखे काहीच नाही काय? आहे, आणि पुष्कळ आहे. पण त्याची वाट निराळी आहे. ती समजून घेण्यासाठी पाऊणशे वर्षे मागे जावे लागते.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूचा अभ्यास करणारे ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ च्या सुमारास दोन यांत्रिक कासवे तयार केली. त्यांची नावे एल्मर आणि एल्सी. प्रत्येकाच्या पोटात अवघ्या दोन निर्वात नलिका, प्रकाश ओळखणारा एक घटक आणि धक्का लागल्याचे कळविणारी एक कळ, एवढीच सामग्री होती. तेवढ्यावर ही कासवे दिव्याकडे सरकत, अडथळा आला की वळसा घालीत, आणि बॅटरी उतरू लागली की आपल्या घरट्याकडे परतत. इतक्या थोड्या जोडण्यांतून जिवंत प्राण्यासारखी वागणूक दिसते, तर मेंदूत काय चालत असेल, हा वॉल्टर यांचा प्रश्न होता. यंत्र बांधणारा स्वतःच विद्यार्थी होता. लुईस कॅरोलच्या ॲलिसच्या गोष्टीत एक कोटी आहे : इंग्रजीत 'कासव' आणि 'आम्हांस शिकविले' हे शब्द उच्चारात जवळजवळ सारखे येतात. ब्रिस्टलच्या कासवांना ती तंतोतंत लागू पडते.

या कासवांचा वारसा पुढे शाळेत आणला तो सीमोर पॅपर्ट यांनी. मूळचे दक्षिण आफ्रिकेतील हे गणिती जिनिव्हा येथे ज्याँ पियाजे यांच्यासमवेत बालबुद्धीचा अभ्यास करून अमेरिकेत एमआयटी या संस्थेत आले. १९६७ मध्ये त्यांनी वॉली फॉइर्त्साइग, सिंथिया सॉलोमन आदी सहकाऱ्यांसह 'लोगो' ही मुलांसाठीची संगणकभाषा सिद्ध केली, आणि थोड्याच वर्षांत तिच्या आज्ञा पाळणारे एक कासव जमिनीवर चालू लागले. त्याला चाके होती, वर घुमटासारखे कवच होते, आणि पोटाशी एक लेखणी होती. कासव चाले तशी कागदावर रेघ उमटे.

या कासवाला डोळे मिचकावता येत नव्हते, की पंजा देता येत नव्हता. त्याला काहीच येत नव्हते. आणि तेच त्याचे मोठेपण. 'पुढे १००, उजवीकडे ९०' अशी आज्ञा चार वेळा दिली की चौकोन होतो. मुलास हे लवकर जमते. मग त्याला वाटते, समभुज त्रिकोण काढावा. पुस्तकात शिकलेले असते की त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. म्हणून ते सांगते : पुढे १००, उजवीकडे ६०. तीन वेळा सांगूनही त्रिकोण मिटत नाही. रेघ भलतीकडेच निघते. मूल कपाळाला हात लावते, कासवाला दोष देते, मग स्वतः उठून जमिनीवर तसेच चालून पाहते. पावले टाकता टाकता त्याच्या अंगाला कळते, की आपण त्रिकोणाच्या आतला कोन वळत नाही, तर जाण्याची दिशा बदलून बाहेरचा कोन वळतो, आणि तो १२० अंशांचा आहे. यातील मौज अशी, की चुकीची आज्ञा तशीच सहा वेळा चालू ठेवली तर मधमाश्यांच्या पोळ्यातील घराचा सुबक षट्कोन तयार होतो. चुकीपोटी एक नवी आकृती हाती येते. पुढे कोणी धिटाईने 'एक पाऊल पुढे, एक अंश उजवीकडे' असे ३६० वेळा सांगते आणि वर्तुळ पाहून थक्क होते. कंपासपेटी न उघडता काढलेले ते वर्तुळ जन्मभर विसरले जात नाही.

पॅपर्ट यांनी १९८० मध्ये 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात ही दृष्टी सविस्तर मांडली. तिचे सार आमच्या भाषेत सांगावयाचे तर असे : संगणकाने मुलास घडवावे हे उलटे झाले, मुलाने संगणकास शिकवावे. शिकविणाऱ्यास आपण काय जाणतो आणि काय जाणत नाही हे आधी तपासावे लागते. आपल्याकडील शिक्षक-शिक्षिका सांगतील, की एखादा विषय त्यांना खरा कळला तो वर्गासमोर उभे राहिल्यावरच. पॅपर्ट यांच्या कासवामुळे हा अनुभव आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वाट्यास आला. त्यात चूक म्हणजे तांबड्या शाईची फुली राहत नाही. ती शोधून काढण्याची आणि दुरुस्त करण्याची वस्तू होते. तिसरीच्या अभ्यासक्रमात जी 'संगणकीय विचारपद्धती' आणावयाची म्हणतात, ती हीच नव्हे काय?

आता पत्रातील कुत्र्याकडे वळू. त्याचे कूळ निराळे. १९९९ साली सोनी कंपनीने 'आयबो' नावाचा यांत्रिक कुत्रा बाजारात आणला. त्याची किंमत अडीच लाख येन होती, आणि जपानमध्ये विक्रीस ठेवलेले ३,००० नग वीस मिनिटांत संपले. २००६ मध्ये उत्पादन थांबले, २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद झाली. मग वृद्ध मालकांची तारांबळ उडाली. चिबा प्रांतातील इसुमी येथील कोफुकुजी या जुन्या बौद्ध मंदिरात २०१५ पासून बंद पडलेल्या आयबोंसाठी अंत्यविधीचे मंत्र म्हटले जाऊ लागले. ओळीने मांडलेले कुत्रे, प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी, पुढे धूप. आणि विधी झाल्यावर त्यांचे सुटे भाग काढून इतर आजारी आयबोंना बसविणे. २०१८ मध्ये कंपनीने नवा आयबो आणला, पण गेलेल्यांचे दुःख त्याने भरून निघाले नसावे. हे वाचून हसू येते खरे. पण खंडेनवमीस आपण हत्यारे-अवजारे पुजतो आणि जुन्या शिवणयंत्रास हळदकुंकू वाहतो, तेव्हा आम्ही तरी जपानी भाविकांस हसणार नाही. वस्तूविषयी कृतज्ञता एक, आणि वस्तूस जीव समजणे दुसरे. मोठ्यांना हा भेद कळतो. मुलांना?

वॉशिंग्टन विद्यापीठातील पीटर कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबोच्याच मदतीने याचा शोध घेतला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात ७ ते १५ वर्षांची ७२ मुले जिवंत कुत्र्याशी आणि आयबोशी खेळली. खऱ्या कुत्र्यास मुलांनी अधिक मानले, हे स्वाभाविकच. पण आयबोलाही मन आहे, त्याच्याशी मैत्री होऊ शकते, त्याला नीट वागविले पाहिजे, असे म्हणणारी मुले निम्म्याहून अधिक निघाली. हे यंत्र आहे, हे त्यांना ठाऊक होते. ठाऊक असूनही तसे वाटले. आमच्या मते यात मुलांचा दोष नाही, किंबहुना हा त्यांच्या मनाचा चांगुलपणा आहे. प्रश्न एवढाच, की त्या चांगुलपणाचा उपयोग कोण कशासाठी करून घेणार.

याची दुसरी बाजू एमआयटीतील समाजशास्त्रज्ञ शेरी टर्कल यांनी नोंदविली आहे. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात डार्विनवरील प्रदर्शन भरले होते, आणि दारातच गालापागोस बेटांवरील जिवंत महाकाय कासवे ठेवली होती. टर्कल यांच्या चौदा वर्षांच्या मुलीने त्या निश्चल कासवाकडे पाहून म्हटले, की एवढ्यासाठी त्याला इतक्या दूर आणण्याचे कारण नव्हते, यंत्राचे चालले असते. रांगेतील इतर मुलांचेही मत साधारण तसेच पडले. टर्कल यांना त्याने धक्का बसला. आमची मात्र येथे द्विधा होते. कासवास कोंडू नये, हे त्या मुलीचे म्हणणे दयेचे होते. पण जिवंत असणे हेच ज्याचे वैशिष्ट्य, त्या जीवाचे जिवंतपण 'चालले असते' या एका शब्दात निकालात निघावे, याने मन अस्वस्थ होते. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात होत्या, आणि म्हणूनच ते वाक्य विसरता येत नाही.

जेथे जिवंत प्राण्यास इजा होणारच असते, तेथे मात्र आम्हांस काहीच संदेह नाही. ब्रिटनमधील पशुवैद्य सारा बेली यांनी तयार केलेली कृत्रिम गाय याचे उत्तम उदाहरण. गाभण गाईची तपासणी आतून हात घालून करावी लागते, आणि आत विद्यार्थ्याचा हात कोठे आहे हे शिक्षकास दिसत नाही. बेली यांच्या यंत्रात हातास खऱ्यासारखा स्पर्श जाणवतो आणि संगणकाच्या पडद्यावर त्याची जागाही दिसते. नवशिक्याच्या चुका गाईस सोसाव्या लागत नाहीत. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विच्छेदनास मनाई केली. आमच्या पिढीने मेणाच्या थाळीत टाचण्यांनी ताणून ठेवलेला बेडूक पाहिला आहे. ते न पाहता कोणी डॉक्टर होणार असेल, तर आनंदच आहे.

आता आमच्या माळव्याकडे येऊ. धारानगरीच्या भोजराजाच्या 'समरांगणसूत्रधार' या अकराव्या शतकातील ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात लाकडी पक्षी आहे, हलत्या बाहुल्या आहेत, दाराशी उभे राहणारे यांत्रिक रक्षक आहेत. परंतु ही यंत्रे घडवावयाची कशी, याचा पूर्ण तपशील ग्रंथकार देत नाही. आणि हे अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी, असे तो स्वतःच सांगतो. राजाच्या दरबारी ते शोभले असेल. पण त्या विद्येचे पुढे काय झाले, हे आपण जाणतो. पत्रातील यांत्रिक कुत्राही असाच झाकलेला आहे. त्याच्या एकेका पायात साधारणतः तीन, म्हणजे एकूण बारा मोटारी असतात. तोल सांभाळण्याचे गणित त्याच्या पोटातल्या मंडलात बंद असते. झाकण उघडले तर कंपनीची हमी संपते. शाळेतील मुले त्याच्याभोवती कोंडाळे करतील, टाळ्या वाजवतील, भ्रमणध्वनीवर चित्रे घेतील. दुसऱ्या महिन्यात तो मुख्याध्यापकांच्या दालनातील काचेच्या कपाटात असेल, आणि पाहुणे आले की बाहेर निघेल. हे आम्ही अंदाजाने लिहीत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी एका शाळेस दिलेल्या दुर्बिणीचे असेच झालेले आम्ही पाहिले आहे. ती दुर्बीण आजही नवीकोरी आहे.

याच मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांतून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला होता. खेड्यातील मुले परिसरातील वस्तू घेऊन स्वतः प्रयोग करीत, आणि पाठांतरास तेथे स्थान नव्हते. पुढे तो शेकडो शाळांत पसरला; २००२ मध्ये शासनाने बंद केला, याचे दुःख त्यात काम केलेल्यांना अजून आहे. अरविंद गुप्ता यांची काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासूनची खेळणी त्याच मुशीतून निघाली. पुण्याच्या आयुकातील त्यांच्या विज्ञान केंद्रात ती हाताळलेली मराठी मुले आज इंजिनिअर झाली आहेत. खेळणे मोडून आत पाहता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह.

त्या दृष्टीने आम्ही थोडा हिशेब केला. दोन लहान मोटारी, दोन चाके, एक नियंत्रक फलक, बॅटरी आणि वर नारळाच्या करवंटीचे किंवा पुठ्ठ्याचे कवच, एवढ्यावर आज्ञा पाळणारे कासव तयार होते. लहान मोटार शंभर-दीडशे रुपयांच्या आत मिळते, फलक काही शे रुपयांचा. एका कुत्र्याच्या किमतीत अशी कासवे वर्गातल्या प्रत्येक चार मुलांमागे एक देता येतील, आणि तरीही पैसे उरतील. ते उरलेले पैसे दोन शिक्षकांच्या प्रशिक्षणास लावावेत, कारण त्यांच्यावाचून कासवेही कपाटातच जातील. जिवंत प्राण्यांसाठी शाळेच्या आवारात पाण्याचे एक भांडे आणि चिमण्यांसाठी दोन घरटी पुरे. त्यास कोणाच्या देणगीची गरज नाही.

हे सर्व आम्ही देणगीदारांस सविनय कळविले. त्यांचे उत्तर आले आहे, आणि ते प्रांजळ आहे. कासवांची कल्पना त्यांना पटली. मात्र वडिलांचे नाव कुत्र्यावर जसे दिसले असते, तसे करवंटीच्या कासवांवर कसे दिसेल, आणि ती पाहावयास कोण येणार, असे त्यांनी विचारले आहे. मंडळातील निम्म्या सदस्यांनाही हीच शंका आहे. त्यावर आमच्यापाशी अद्याप तयार उत्तर नाही. पुढील बैठकीत हा विषय पुन्हा घ्यावयाचा असल्याने, शिक्षकांनी, पालकांनी आणि विशेषतः इयत्ता पाचवी ते आठवीतील विद्यार्थ्यांनी आपले मत कार्यालयाच्या पत्त्यावर लेखी कळवावे. विद्यार्थ्यांची पत्रे बैठकीत आधी वाचली जातील.